साडूंच्या चेहऱ्यावरची रेघ

ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत जे जे म्हणून सपाट आहे, त्या प्रत्येक वस्तूवर माझ्या साडूंचा डोळा आहे. पोळपाट, देवघराचा पाट, मोडक्या कपाटाचं दार, चपलेचा तळ, खोडरबर, बंद पडलेल्या दवाखान्याच्या जमिनीवरून उपटलेलं जाडजूड तपकिरी लिनो, काहीही चालतं. वस्तू दिसली की साडू आधी ती उलटी करतात, तिच्यावरून तळहात फिरवतात, अंगठ्याच्या नखाने कोपरा टोकरतात आणि मग मालकाला विचारतात, "हे तुम्हाला लागतं का?" आमच्या नेरूळच्या घरच्या पोळपाटाचा एक पाय हलत होता. तो बसवून देतो म्हणून साडू पोळपाट घेऊन गेले आणि आठ दिवसांनी बसवून परतही दिला. पुढच्या एकादशीला माझ्या आईने पोळपाट धुवायला उलटा केला, तर खालच्या अंगाला हा एवढा खेकडा कोरलेला. बायकोने तिथल्या तिथे फोन लावला.

"भावोजी, माझ्या पोळपाटाला खेकडा कुणी कोरला?"

"अगं, उलट्या बाजूला आहे. तिकडे कोण बघतंय?"

"सासूबाईंनी बघितला. त्यांची आज एकादशी आहे!"

"मग आज लाटू नको," साडू शांतपणे म्हणाले. "खेकड्याचे छाप फार सुंदर आलेत. एक पाठवतो तुला."

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. राहायला कोपरखैरण्याला, वय चौसष्ट. तुर्भ्याच्या एका कारखान्यात ते लाकडी नमुने करण्याच्या खात्यात होते. लोखंडाचा भाग ओतण्याआधी तो लाकडात हुबेहूब घडवावा लागतो, ते काम. पुढे ते काम यंत्रं करू लागली, खातं बंद झालं आणि एकतीस वर्षं लाकूड कोरलेले दोन हात घरी बसले. ते गप्प बसेनात म्हणून साडूंनी छपाई सुरू केली. लाकडावर किंवा लिनोवर चित्र कोरायचं, शाई लावायची, त्यावर कागद नाहीतर कापड ठेवून छाप घ्यायचा. मीही तुर्भ्यालाच, दुसऱ्या एका कारखान्यात, तयार मालाची तपासणी करतो. चोवीस वर्षांत मी न मोजलेल्या वस्तूच्या कागदावर सही केलेली नाही. साडू म्हणूनच मला 'इन्स्पेक्टर' म्हणतात. हे वाक्य मी पूर्वी अभिमानाने सांगायचो. आता सांगताना मान खाली जाते, आणि ती का जाते ते सांगायलाच हे लिहायला घेतलं आहे.

पण आधी साडूंविषयी. लिनो थंड असलं की कडक राहतं, कोरताना तुटतं. ते कोमट करावं लागतं. बाकीचे लोक ते उन्हात ठेवत असतील. साडू त्याच्यावर बसतात. घरी बसतात, रिक्षात बसतात, आणि घाई असेल तर दुसऱ्यांच्या समारंभातही बसतात. माझ्या पुतण्याच्या साखरपुड्याला वाशीच्या हॉलमध्ये त्यांनी खुर्चीवर आधी लिनोचा तुकडा ठेवला आणि मग स्वतः स्थानापन्न झाले. फोटोसाठी सगळ्यांना व्यासपीठावर बोलावलं तरी साडू हलेनात.

"अहो, उठा ना, सगळे खोळंबलेत," ताई दात-ओठ खात म्हणाल्या.

"पाच मिनिटं थांब. आत्ता कुठे नरम व्हायला लागलंय."

हे मुलीकडच्या एका काकांनी ऐकलं. जेवणं झाल्यावर त्यांनी साडूंना बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून, मूळव्याधीवरच्या एका वैद्याचा पत्ता लिहून दिला. साडूंनी तो कागद उलटा केला, बोटांत चोळला आणि खिशात घालत म्हणाले, "कागद चांगला आहे हो. कुठे मिळतो?"

कागदाचं हे, तर कापडाचं विचारूच नका. कापडावर छापताना लाकडी ठसा ठेवून वरून मुठीने दणका द्यावा लागतो. साडूंच्या शेजारच्या बाई सुरुवातीचे कित्येक महिने समजत होत्या की ताई रोज मसाला कांडतात. एकदा त्या वाटी घेऊन थोडा मसाला मागायला आल्या आणि रुमाल घेऊन गेल्या. आमच्या नातेवाइकांत आता साडूंच्या छापाशिवाय कोरा असा एकही अभ्रा उरलेला नाही. आमच्याकडच्या अभ्र्यांवर बोंबील आहेत, एकेका अभ्र्यावर नऊ. रंग पक्का व्हायला तीन दिवस वाळू द्या आणि मग इस्त्री फिरवा, असं साडूंनी बजावलं होतं. बायकोने दुसऱ्याच दिवशी अभ्रा उशीला चढवला. सकाळी मी कारखान्यात जाऊन सव्वानऊपासून एक वाजेपर्यंत एकशे बारा नगांची तपासणी केली, सहा नग डाग असल्यामुळे बाद केले, आणि जेवणाच्या सुट्टीत हात धुताना आरशात पाहिलं तर माझ्या उजव्या गालावर अख्खा बोंबील. चार तासांत मला कुणी काही बोललं नव्हतं. संध्याकाळी साडूंना फोन करून झापलं, तर पलीकडून काळजीचा आवाज आला, "शेपटी नीट उठलीय का?"

त्यांच्या घरात उभं राहायचं म्हणजे वाकून. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधलेल्या आणि दोऱ्यांना चिमट्यांनी लावलेले ओले छाप. ताईंनी आपली कमरेची तक्रार डॉक्टरांना सांगितली तेव्हा डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून सांगितलं. ताई म्हणाल्या, "उचलत काहीच नाही हो डॉक्टर, चित्रांखालून जाते." कागदावर छाप घेताना साडू यंत्र वापरत नाहीत, स्टीलच्या चमच्याच्या पाठीने कागद घासतात. ताईंच्या बारा चमच्यांपैकी जेवायला चारच उरले आहेत, आठ कामावर आहेत. आणि त्यांच्याकडे पोहे खाताना चमच्याला टर्पेंटाइनचा वास आला तर पाहुण्याने नशीब समजावं, कारण त्या अर्थी तो चमचा पुसलेला असतो.

अशा या माणसाशी माझं जमलं ते आकड्यांमुळे. बाकी कुठल्याही बाबतीत त्यांना काळाचं-वेळेचं भान नाही, पण छापांच्या संख्येबाबत ते माझ्याहून कडक. एखादं चित्र कोरलं की त्याचे किती छाप काढायचे ते आधी ठरवतात. वीस म्हणजे वीस. प्रत्येक छापाखाली पेन्सिलीने क्रमांक आणि सही. विसावा छाप वाळला की त्याच पटाशीने कोरलेल्या फळीवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली मारतात, म्हणजे पुन्हा कुणी छापायला गेलंच तर फुलीसकट उठेल. पहिल्यांदा मी ते बघितलं तेव्हा माझा जीव कळवळला.

"दादा, एवढं कोरलेलं वाया?"

"वाया काय? वीस लोकांना शब्द दिलाय ना, की हे वीसच आहेत. एकविसावा निघाला की त्या विसांना मी फसवलं."

मला ते फार पटलं. घरी जाऊन बायकोला म्हणालोसुद्धा, की आपल्या घराण्यात व्यवहार कळणारे दोनच जण आहेत. फुली मारलेल्या फळ्या ठेवायला त्यांच्या घरात जागा नव्हती म्हणून त्या आमच्या माळ्यावर आल्या. त्रेचाळीस फळ्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. त्यांची यादी करून मी माळ्याच्या दाराला आतून चिकटवली.

त्रेचाळिसावी फळी त्यांच्या खात्याची होती. खातं मोडीत निघालं तेव्हा साडू एका कामाच्या बाकाची सागवानी फळी घरी घेऊन आले होते. तिच्यावर त्यांनी खात्यातली वीस माणसं कोरली, चहाच्या सुट्टीत बाकांवर बसलेली, मेस्त्रींपासून ओळीने विसाव्यापर्यंत, स्वतःसकट. छापही वीसच. ज्याचा जो क्रम कामावर, तोच क्रमांक छापावर. साडूंचा स्वतःचा अकरावा, तो त्यांनी बाहेरच्या खोलीत लावला. अठरा जणांना त्यांनी घरी जाऊन छाप दिले. फक्त पहिला राहिला. तो होता मेस्त्रींचा, ज्यांनी साडूंच्या हातात पहिल्यांदा पटाशी दिली आणि ती कशी धरायची नाही हे तीन महिने शिकवलं. मेस्त्री खातं बंद झाल्यावर कोकणात गेले, तिथून कुठे गेले कुणाला ठाऊक नव्हतं. फोन लागत नव्हता.

"माझ्या घरात हा टिकणार नाही," साडू मला म्हणाले. "सगळीकडे शाई, ओल. तुझ्याकडे राहू दे. तुझ्या घरातली वस्तू कधी इकडची तिकडे होत नाही. मेस्त्री सापडले की देऊ."

तो विश्वास मी फार मनावर घेतला, हेच चुकलं. आपण साधी पावतीसुद्धा नीट जपतो, मग ही तर अमानत. आमच्या घरात जे जे महत्त्वाचं आहे, आधार कार्ड, मुलीचे दाखले, आईच्या औषधांचा तक्ता, ते सगळं मी लॅमिनेट करून ठेवलेलं आहे. मी तो छाप घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो.

"साहेब, कागद जाड आहे," दुकानदार म्हणाला. "आणि ही शाई कसली? गरम होऊन सुटेल."

"तू टाक रे," मी म्हणालो. "मी रोज माल तपासतो. मला कळतं."

छाप अर्ध्यावर जाऊन अडकला. दुकानदाराने ओढून काढला तेव्हा तो प्लास्टिकसकट पुरीसारखा फुगला होता आणि आतली वीस माणसं एकमेकांत विरघळली होती. मेस्त्रींच्या टोपीचा काळा रंग थेट विसाव्या माणसापर्यंत पोचला होता. मी तो घरी आणला, विम्याच्या कागदांच्या फायलीत सर्वांत खाली घातला आणि कुणालाही सांगितलं नाही. बायकोलाही नाही. अकरा महिने साडूंकडे गेलो की ते विचारायचे, "मेस्त्री सुखरूप?" आणि मी म्हणायचो, "अगदी." अकरा महिन्यांत किती वेळा म्हणालो तेवढं मात्र मी मोजलेलं नाही.

मग एका बुधवारी साडूंचा फोन आला. आवाज असा, की मला आधी वाटलं काही वाईट घडलं. "इन्स्पेक्टर, मेस्त्री सापडले! दिघ्याला आहेत, मुलीकडे. नजर गेलीय जवळजवळ. रविवारी जायचं आपण. छाप घेऊन ये."

त्या क्षणी सांगता आलं असतं. "दादा, माझ्याकडून वाट लागली," एवढंच. तोंड उघडलंही, पण बाहेर आलं ते, "हो, आणतो."

शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बायको तिच्या शाळेत, मुलगी कॉलेजात, आई देवळात. माळ्यावरून त्रेचाळीस नंबरची फळी काढली. वर्तमानपत्र सोडलं आणि चकित झालो, तिच्यावर फुली नव्हती. साडू विसरले असावेत. मला ती देवाचीच कृपा वाटली, इतकी माझी अक्कल त्या दिवशी फिरली होती. काळी शाई आणली होती, रोलर नव्हता म्हणून पाण्याची बाटली लाटण्यासारखी फिरवली, आणि आमच्याच चमच्याने कागद घासला. पहिल्या छापात सगळे आंधळे निघाले, दुसऱ्यात निम्मेच कामावर हजर. आठ कागद वाया गेले. नववा बरा आला. फक्त एका जागी खोट होती. अकराव्या माणसाच्या, म्हणजे खुद्द साडूंच्या चेहऱ्यावरून, कपाळापासून हनुवटीपर्यंत केसाएवढी पांढरी रेघ गेली होती. माळ्यावर फळी ओढताना ओरखडा पडला असणार. मी बारीक टोकाचं काळं पेन घेतलं आणि श्वास रोखून ती भरून काढली. मग पेन्सिलीने खाली 'एक' लिहिलं, आणि चोवीस वर्षं न मोजलेल्या मालावर सही न केलेल्या हाताने साडूंची सही केली. चांगली जमली. हे लिहितानाही कान गरम होतात.

रविवारी रिक्षात साडूंनी पाकीट हातात घेतलं, पण उघडलं नाही. "तिथेच उघडू," म्हणाले. "त्यांच्यासमोर." नवा सदरा घातला होता त्यांनी, आणि त्याच्यावर कुठेही शाई नव्हती. त्यांना असं मी पूर्वी पाहिलेलं नव्हतं.

दिघ्यात डोंगराच्या बाजूला चढत्या गल्लीत मेस्त्रींच्या मुलीची खोली. मेस्त्री दारातल्या उजेडात खुर्चीवर बसले होते, वाळून कोळ झालेले. "सकाळपासून आंघोळ करून बसलेत," मुलगी म्हणाली. "तुमी येणार म्हणून चहापण घेतला नाय." साडू वाकून पाया पडले. मेस्त्रींनी आशीर्वाद द्यायचं सोडून त्यांचा उजवा हात धरला, अंगठ्याजवळचा घट्टा चाचपला आणि म्हणाले, "अजून चुकीचीच धरतंस पटाशी."

साडू मोठ्याने हसले. मग त्यांनी पाकीट उघडून छाप मेस्त्रींच्या मांडीवर ठेवला. मेस्त्री डोळ्यांनी बघतच नव्हते, बोटांनी वाचत होते. जिथे लाकूड कोरलेलं असतं तिथे घासलेला कागद किंचित वर उचललेला राहतो. तेवढं त्या बोटांना पुरत होतं. "ह्यो मी. ह्यो आमचो उंच्या. ह्यो तंबाखूवालो, मेलो मां तो?" एकेक माणूस ते ओळखत चालले होते आणि मुलगी पदराने डोळे पुसत होती. बोट अकराव्यावर आलं आणि थांबलं. मागे गेलं, पुन्हा आलं.

"ह्यो तू. पण तुझ्या तोंडार ही रेघ कसली रे?"

"रेघ कुठाय बाबा?" मुलगी वाकून म्हणाली. "काळंच तर हाय सगळं."

"माका दिसत नाय. बोटाक लागता."

साडूंनी छाप उचलला आणि दाराच्या उजेडात तिरका धरला. पेनची शाई चकाकली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी आयुष्यात कित्येकांचा माल बाद केला आहे, समोर उभ्या माणसाला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

"मेस्त्री," साडू म्हणाले, "गडबडीत भलताच छाप आणला मी. हा रद्द झालेला आहे."

"म्हणजे तू रद्द?" मेस्त्री हसले.

"मी रद्द. तुमचा घरी आहे. संध्याकाळच्या आत आणतो."

रिक्षाने ऐरोली सोडली. मग मी सगळं सांगितलं, झेरॉक्सच्या दुकानापासून पेनपर्यंत, काही न वगळता.

"लॅमिनेशन?" साडू म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "लॅमिनेशन?" मला वाटलं आता हसतील. हसले नाहीत.

"फुली नव्हती फळीवर," मी म्हणालो. "मला वाटलं, तुम्ही विसरलात."

"विसरलो नव्हतो. फुली मारायला पटाशी टेकवली तर खाली मेस्त्री. दुसरीकडे टेकवली तर उंच्या. त्या माणसांच्या तोंडावरून हात चालेना रे. शेवटी एकट्या माझ्यावरून एक रेघ मारली. रद्द व्हायला तेवढी पुरते." बाहेर बघत ते म्हणाले, "मला सांगायचं होतंस."

"तुम्ही रागावला असतात."

"रागावलो असतोच. अर्धा तास."

मी त्या अर्ध्या तासाच्या भीतीने अकरा महिने खोटं बोललो होतो.

कोपरखैरण्याला पोचल्यावर साडूंनी चपलाही न काढता बाहेरच्या खोलीतला स्वतःचा अकरावा छाप भिंतीवरून उतरवला. ताई आतून म्हणाल्या, "अहो, तो कुठे नेताय? तुमचा आहे तो!" साडू म्हणाले, "मेस्त्रींचा आहे." मी येऊ का विचारलं, तर "तू बस," म्हणाले आणि त्याच रिक्षाने परत दिघ्याला गेले. मी त्या रिकाम्या खिळ्यासमोर दोन तास बसून होतो. ताईंनी दोनदा चहा दिला.

परत आले तेव्हा साडूंनी माझा छाप टेबलावर ठेवला, खोडरबराने क्रमांक आणि खोटी सही पुसली आणि तिथे लिहिलं, 'रद्द'. मग पेन्सिल माझ्यापुढे धरली.

"सही कर."

"माझी?"

"छापलायस तू. दुसऱ्या कुणाची चालायची नाही."

मी सही केली. तोच कागद त्यांनी त्या खिळ्याला लावला. मी फाडून टाका म्हणून विनवलं, दुसरं काहीही लावा म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. "वीस माणसं आहेत त्यात," म्हणाले. "फाडतो कसा?"

याला आता दोन वर्षं झाली. मेस्त्री गेल्या उन्हाळ्यात गेले. शेवटपर्यंत अकरावा छाप त्यांच्या उशाशी होता, असं त्यांच्या मुलीने कळवलं. साडू अजूनही दणके घालतात, लिनोवर बसतात, आमच्या घरी आले की पोळपाट उलटा करतात. त्या भिंतीवरचं चित्र कुणी केलं म्हणून पाहुण्यांनी विचारलं तर सांगतात, "कोरलंय मी, छापलंय आमच्या इन्स्पेक्टरने. पहिल्याच खेपेला, बघा." आणि मनापासून सांगतात, त्यात कुठे टोमणा नसतो. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या खोलीत दुपारचं ऊन येतं. छपाईची शाई होती तशी काळीभोर आहे. पेनची मात्र उन्हाने तांबूस पडत चालली आहे, आणि तिच्याखालची पांढरी रेघ दर खेपेला थोडी जास्त दिसते. परवा गेलो तेव्हा ती कपाळापासून नाकापर्यंत मोकळी झाली होती. साडू नेमके त्याच चित्राखाली बसून एक फळी घासत होते. मी बघतोय हे त्यांनी पाहिलं, मान वळवून एकदा चित्राकडे नजर टाकली, आणि फळीवरचा भुसा फुंकून माझ्यासाठी बाजूला सरकत म्हणाले, "ये इन्स्पेक्टर, बस."